रीळ संपल्यावरचं वाक्य

डब्याचं झाकण निघालं तसा सिरक्याचा आंबट भपकारा त्रिंबकच्या नाकात घुसला. पहिल्यांदा त्याला वाटलं, वास शेजारून येतोय. भिंतीपलीकडच्या वच्छलाबाई उन्हाळा लागला की काही ना काही मुरत घालतात, त्यातलंच काहीतरी सांडलं असेल. डबा मांडीवर तसाच धरून तो वास जायची वाट बघत बसला. वास गेला नाही. मग त्यानं नाक डब्याजवळ नेलं आणि झटक्यात मागं घेतलं. डोळ्यांत पाणी आलं. डब्यात मलमलीच्या फडक्यात गुंडाळून, कडुनिंबाच्या वाळल्या पाल्यात ठेवलेलं त्याचं उंटाचं रीळ होतं, आणि आंबलं होतं ते तेच. दूध नासतं, भात आंबतो, हे कुणालाही ठाऊक असतं. चित्र आंबतं हे त्रिंबकला साठी उलटल्यावर, मस्तगडच्या आपल्या घरात, बायकोच्या तिथीच्या दिवशी सकाळी कळलं. त्यानं झाकण परत लावलं आणि दोन्ही अंगठ्यांनी घट्ट दाबलं. झाकल्यानं झालेलं काही न झालेलं होणार नव्हतं, हे न कळण्याइतका तो भोळा नव्हता. पण अशा वेळी हात आपल्याला विचारून थोडेच वागतात. बाहेर नळाला पाणी आलं होतं. पलीकडून वच्छलाबाईंनी नेहमीसारखी हाक दिली, "पाणी आलं हो!" गेली तीन वर्षं शेजार म्हणून एवढंच एक वाक्य उरलं होतं. त्यानं "हौ" म्हटलं आणि उठला नाही.

रीळ म्हणजे काही फार मोठं प्रकरण नव्हतं. तळहातावर मावेल एवढी चकती. पडद्यावर लावली तर कपातला चहा निवायच्या आत संपणारी. मुक्या काळातला, हातानं काढलेल्या चित्रांचा सिनेमा. शंभरेक वर्षांपूर्वी कुठल्या तरी परमुलखातल्या माणसानं टेबलाशी बसून, एकेक चित्र काढून तयार केलेला. सुरुवातीला कोऱ्या कागदावर एक खराखुरा हात येतो, बाहीला बटण लावलेला, टाक धरलेला. तो भराभरा उंट काढतो आणि निघून जातो. उंट डोळे मिचकावतो, अंग झटकतो, आणि झटकताना त्याचं कुबड घसरतं. आधी मानेवर, मग डोक्यावर टोपीसारखं, मग पाठीवरून उलटं शेपटीकडं आणि खाली. उंटाला पत्ताच नाही. पाणी प्यायला वाकतो तेव्हा त्याला आपली सपाट पाठ दिसते. डोक्यावर एक प्रश्नचिन्ह उगवतं, ते तो खाऊन टाकतो आणि कुबड शोधायला निघतो. टेकडी दिसली की तिला पाठ लावून बघतो. तंबू दिसला की आत घुसतो. एका जाड्या माणसाची टोपी पळवतो. आणि हे सगळं चाललेलं असताना ते कुबड, दोन बारके पाय फुटलेलं, त्याच्या मागंमागं चालत असतं. उंट थांबला की थांबतं, उंट वळायला लागला की शेपटीच्या बाजूनं तेही वळतं. बघणाऱ्याला दिसतं, उंटाला दिसत नाही. शेवटी उंट वाळवंटात एकटा उभा राहतो, मान खाली घालतो, डोळ्यातून एक थेंब टपकतो, कुबड एक पाऊल पुढं येतं, आणि तिथं रीळ तुटलेलं आहे. पुढं नुसता पांढरा उजेड. ना सिनेमाचं नाव, ना काढणाऱ्याचं.

छावणीच्या बाजूला एका जुन्या बंगल्याचं सामान भंगारात निघालं होतं, त्यात त्याला हे घबाड सापडलं. तेव्हा त्रिंबक बियाण्याच्या कंपनीत नवा होता, लग्न व्हायचं होतं. भंगारवाल्यानं प्रोजेक्टर लोखंडाच्या भावात तोलला आणि रिळं वरून दिली. "ये पट्टी का क्या करोगे साब, बच्चों को खेलने दो," म्हणाला. पुढं बंद पडलेल्या तंबू टॉकीजच्या पेट्यांतून, एका फोटो स्टुडिओच्या माळ्यावरून, कुठून कुठून त्यानं आणखी बरीच गोळा केली. सायकल चालवणारं मांजर होतं, चंद्राला शिडी लावणारा शिपाई होता. सगळी मुकी, सगळी परकी. पण उंटाची सर कुणाला नव्हती. त्रिंबकचं खरं सुख रेघेत होतं. त्या चित्रांतली रेघ कधी स्थिर नसे. एकच उंट पुन्हा पुन्हा काढायचा म्हटल्यावर हात दर वेळी केसभर हलणारच, म्हणून नुसता उभा असलेला उंटही जागच्या जागी थरथरत राही. मागं तेच झाड, तोच खडक, पुन्हा तेच झाड. काढणाऱ्यानं कंटाळून एकच कागद फिरवून फिरवून वापरला होता. ही लबाडी पहिल्यांदा लक्षात आली तेव्हा त्रिंबकला त्या माणसाबद्दल एकदम माया वाटली. तो कधीच मरून गेला असणार, पण त्याचा कंटाळा अजून पडद्यावर चालत होता. आता तर जगभर असल्या रिळांचे शौकीन आहेत. त्यांचा फोनवर एक गट होता. कुणाला काही सापडलं की डब्याचा फोटो टाकायचा आणि बाकीच्यांनी जळायचं. त्रिंबकनं उंटाचा फोटो टाकला तेव्हा संभाजीनगरच्या राजानंद नावाच्या गृहस्थानं कुठल्या कुठल्या याद्या धुंडाळून कळवलं होतं, की काका, हा उंट कुणाकडंच दिसत नाही. त्या दिवशी त्रिंबक बाजारातून छाती काढून हिंडला. पण रीळ त्याच्या जिवाशी लागलं होतं ते एकमेव असल्यामुळं नव्हे, आणि खरं कारण गटावर टाकण्यासारखं नव्हतं.

त्या मुक्या सिनेमाला घरात वाचा दिली होती त्याच्या बायकोनं, सुरेखानं. त्रिंबकची नोकरी फिरतीची. कंपनीचे बियाण्याचे प्लॉट घनसावंगीपासून परतूरपर्यंत पसरलेले. सोमवारी जीपमध्ये बसला की शनिवारीच उगवायचा. आला की आंघोळ, चहा, आणि लगेच खिडक्या लावून, भिंतीवर चादर ताणून प्रोजेक्टर. बाहेरचं कुणी बोलवायचं नाही असा त्याचा दंडक होता. लोक आले की धूळ येते, लोकांची पोरं पट्टीला हात लावतात. मुलगी अर्पिता तेव्हा लहान होती, ती चादरीपुढं पालथी पडे. सुरेखा मात्र कधी पुढं बसली नाही. ती मागं, स्वयंपाकघराच्या दारात, भिंतीला डोकं टेकून, मांडीवर गवारीचं नाहीतर मेथीचं ताट घेऊन. मध्ये प्रोजेक्टर आणि त्याच्याशी वाकलेला त्रिंबक. पट्टीचा वेढा जरा ढिला पडला की तिच्या कडेची भोकं फाटतात, म्हणून त्याला नजर काढता येत नसे, मान वळवणं तर लांबच. पहिल्याच शनिवारी अर्पितानं विचारलं, "हा उंट बोलत काऊन न्हाई?" आणि मागून सुरेखाचा आवाज आला, "अरे ए लंब्या, कुठं निघालास उन्हातान्हाचा? दोन घास खाऊन तं जा!" पोर खदाखदा हसली. तेव्हापासून दर शनिवारी. उंट मुकाच राही, पण सुरेखा त्याची खरडपट्टी काढी. हळूहळू वाक्यं ठरून गेली, कुठल्या चित्राला कुठलं तेही ठरलं. एखादं चुकलं तर अर्पिता ओरडे. एरवी सुरेखा घरात फार बोलणाऱ्यांतली नव्हती. अहो, जेवता का. अहो, दळण आणायचंय. नवऱ्याशी तिचं दिवसाचं बोलणं एवढ्यात संपे. उंटाशी मात्र अरे-तुरेवर येऊन ती अशी सणसणीत बोले की त्रिंबकलाही हसू आवरत नसे. बाई नकला झकास करते, एवढंच त्याला वाटे, आणि त्याची नजर वेढ्यावर असे.

ती गेली त्याला आता तीन वर्षं झाली. दिवस उरकले, पाहुणे गेले, अर्पिताही पुण्याला परतली, आणि घर एवढं गप्प झालं की फ्रिज चालू झाला तरी तो दचके. सुरेखाचे फोटो होते, पण फोटोतही ती गप्पच. आवाज कुठंच राहिला नव्हता. डोळे मिटून तो आठवायला बसे, तर आवाज येई तो डॉक्टरांचा, नाहीतर पाहुण्यांचा. एका शनिवारी काही सुचेना म्हणून त्यानं चादर ताणली आणि उंट लावला. उंट पाण्यापाशी वाकला, आणि मागून, दारातून, जसंच्या तसं वाक्य आलं: "बघ, बघ नीट! पाणी काही खोटं दाखवत न्हाई."  मग टेकडी आली, वाक्य आलं. तंबू आला: "लोकाच्या घरात शिरायला बराबर जमतंय. सोताच्या घरात पाय टिकत न्हाई!" टोपी आली: "आण, आण! जे दिसंल ते गोळा करून आण. घर भरलं भंगारानं, तरी अजून आण." वाळवंट आलं, थेंब टपकला: "आता काऊन रडतोस? आठ-आठ दिवस वाट बघणारं रडलं तव्हा आल्तास का बघायला?" तो एकटा बसून हसला, मग रडला, मग परत रीळ उलटं गुंडाळून पहिल्यापासून लावलं. चित्र दिसल्याशिवाय वाक्य येत नव्हतं. चित्र दिसलं की चुकत नव्हतं. त्या शनिवारपासून त्याच्या आठवड्याला शनिवार आला.

पण एक वाक्य कमी होतं. रीळ तुटलेल्या जागी पडदा पांढरा व्हायचा, पट्टीचं शेपूट फिरत्या चकतीवर फट् फट् फट् आपटायला लागायचं, त्रिंबक बटण बंद करायला वाकायचा, आणि त्या गोंधळात सुरेखा शेवटचं काहीतरी म्हणायची. अर्पिता त्यावर लोळून हसायची. त्याला ते कधीच ऐकू आलं नव्हतं. काय म्हणालीस गं, असं विचारावं असंही कधी वाटलं नाही, दर शनिवारी होतंच म्हणून. आता तो पांढऱ्या उजेडापुढं कान देऊन बसे. एकदा तर त्यानं पट्टी संपायच्या आत मोटर बंद करून बघितली. मागून काही आलं नाही. विसरलेलं असतं तर कधीतरी आठवलं असतं. हे त्याच्या कानात शिरलंच नव्हतं, तर बाहेर कुठून येणार? तरी त्याला वाटत राहिलं, आणखी थोडे शनिवार मिळाले तर येईल. म्हणून गेल्या उन्हाळ्यात पट्टी जरा कडकड वाजायला लागली तेव्हा तो घाबरला. झिजून तुटली तर होती तीही वाक्यं जायची. त्यानं मन घट्ट केलं आणि पुढच्या तिथीपर्यंत, वर्षभर, न लावायचं ठरवलं. जपायचं कसं हे त्याला शिकवायला नको होतं, जन्म त्यातच गेला होता. पट्टी फडक्यात गुंडाळली, कडुनिंब घातला, कंपनीतून आणलेल्या बियाण्याच्या डब्यात ठेवली, झाकणाच्या फटीत मेण ओतलं, वरून चिकटपट्टी लावली आणि डबा माळ्यावर. मुंगीला शिरायला जागा ठेवली नाही. बाकीचे डबे मात्र साधेच, पत्र्याच्या झाकणाचे. वर्षभर त्यानं सुरेखाचा आवाज न ऐकता काढला, का, तर तो टिकावा म्हणून.

"बाबा, नैवेद्य दाखवला का?" दुपारी अर्पिताचा फोन आला. "दाखवला. वरण-भात अन् शिरा केल्ता." "शिरा जमला?" "जमला म्हणजे, हाय." मग त्यानं सांगून टाकलं. "अर्पिता, उंटाचं रीळ खराब झालं गं."  ती घाईघाईनं मध्येच बोलली. मुलींना वडिलांच्या रडण्याची सवय नसते. "बाबा, दुसरी आहेत ना बरीच?" "हायत. मला एक सांग, पडदा पांढरा झाल्यावर आई काय म्हणायची?" "तुम्ही मागंही विचारलं होतं. मी केवढीशी होते हो. हसायचे एवढं आठवतं." "काऊन हसायची पण?" "आई आवाज बदलायची ना. एकदम बारीक काढायची." ती बोलता बोलता थांबली, तिलाही आत्ताच आठवलं असावं. "कुबड बोलायचं बाबा. तेवढं एकच वाक्य कुबडाचं असायचं." त्रिंबक उठून उभा राहिला. कुबड बोलतं हे त्याला माहीतच नव्हतं. "काय बोलायचं?" "ते नाही आठवत. खरंच नाही. बाबा, माझी मीटिंग आहे, रात्री करते. उन्हात जाऊ नका." त्यानं फोन ठेवला. आपल्याच घरात, आपल्या पाठीमागं एवढं काय काय चाललं होतं, आणि आपण मेले भोकं मोजत बसलो, असं त्याच्या मनात आलं आणि त्याला स्वतःचा राग आला.

राजानंद दुसऱ्या दिवशी सकाळीच गाडी घेऊन आला. त्रिंबकनं रात्री गटावर टाकलेला खराब रिळाचा फोटो बघून त्याला राहवलं नव्हतं. चाळिशीचा, मऊ बोलणारा माणूस. त्यानं हातमोजे घातले, डबा उघडला, वास घेतला आणि नाकही मुरडलं नाही. फडकं सोडवलं. पट्टीची कड पापडासारखी लाटालाटांची झाली होती, आतले वेढे एकमेकांना चिकटून गठ्ठा झाले होते. "काका, याला सील कशानं केलं होतं?" "मेणानं. बियाण्याचं करतो तसं." राजानंदनं झाकणाच्या कडेचं मेण नखानं खरवडून बघितलं. मग म्हणाला, "जुन्या पट्टीतून आंबट वाफ निघत असते काका. तिला बाहेर जायला वाट लागते. कोंडली की ती पट्टीलाच खाते." "म्हणजे उघडी ठेवली असती तं?" "तर अजून काही वर्षं चालली असती, कदाचित. पण तुम्हाला कोण सांगणार होतं?" हे तो समजूत काढायला म्हणाला, आणि त्रिंबकला ते जास्त लागलं. त्याला गावाकडचं, वाटूरचं घर आठवलं, आई आठवली. चांगुणाबाई. मळणी झाली की ती ज्वारीतलं टपोरे दाणे निवडून मडक्यात भरायची, राखेत घोळायची, वर कडुनिंबाचा पाला, आणि तोंडाला शेणमातीचा लेप. तो लेप वाळेपर्यंत शेजारी बसून राहायची. पेरणीपर्यंत मडक्याला हात लावायची कुणाची छाती नव्हती. मिरगाला लेप फोडला की दाणा जसा ठेवला तसा निघायचा, आणि ती तो तळहातावर घेऊन सगळ्यांना दाखवायची. त्रिंबक तिचाच मुलगा. आवडलं की झाकायचं, लेप द्यायचा, शेजारी बसून राखायचं. त्याच्या घरात आजवर हे कधी चुकलं नव्हतं.

"प्रोजेक्टरवर आता नाही चालणार," राजानंद म्हणाला. "आकसलीय, दात भोकांत बसणार नाहीत. माझ्याकडं द्या. पुण्यात एक माणूस आहे, तो वेढे सोडवून एकेक चित्र फोटोसारखं उतरवून घेईल. वाळवंटाकडचा भाग बाहेरच्या वेढ्यांत आहे, तो वाचेल. जेवढा उंट निघेल तेवढा निघेल." "उंटाचं न्हाई हो मला," त्रिंबक म्हणाला, आणि त्यानं गठ्ठ्यावर फडकं ओढलं. राजानंदनं हातमोजे काढले. मग म्हणाला, "विचार करा. पण फार दिवस नको." जाताना त्यानं सांगितलं, की बाकीचेही सगळे डबे उघडून सावलीत हवेशीर ठेवा. त्रिंबकनं ओसरीवर पोतं पसरलं आणि मांजर, शिपाई, सगळ्यांना झाकणं काढून मांडलं. मध्ये उंटाचा गठ्ठा. त्यातला बाहेरचा एक वेढा अजून मऊ होता, तो त्यानं हळूच उचलून उजेडात धरला. नखाएवढा उंट, मान खाली घातलेला. मागं कुबड. पुढच्या चित्रात तेच, त्याच्या पुढच्या चित्रात तेच. हातात धरलं तर उंट थरथरत नव्हता, नुसता उभा होता, आणि मागून कुणी काही बोललं नाही. त्याला इतकं एकटं वाटलं, की ती गेली त्या दिवशीही वाटलं नव्हतं. त्या दिवशी निदान माणसं होती.

वास ऊन चढलं तसा गल्लीभर पसरला. अकराच्या सुमाराला वच्छलाबाई नाकाला पदर लावून दारात उभ्या राहिल्या. सत्तरी गाठलेली बाई, मालक जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. इतक्या वर्षांत या घराचा उंबरा त्यांनी दोनदाच ओलांडला असेल, तोही सुतकाला. "त्रिंबकराव, सिरक्याचं मडकं फुटलं का काय तुमच्याकडं? कालपासून डोकं धरून बसले मी." "या, बसा. सिरका न्हाई. सिनेमाचं रीळ खराब झालं." "आता हे काय नवीन?" "नवीन कशाचं, जुनंच. शनिवारी लावत होतो न्हाई का आम्ही. मशीनचा आवाज येत असंल तुम्हाला." वच्छलाबाई खुर्चीवर टेकता टेकता थांबल्या. "ते शिलाई मशीन नव्हतं?" "शिलाई मशीन कुठलं? आमच्याकडं कव्हाच नव्हतं." "अगं माय! ती गेल्यावर बी वाजायचं, तव्हा मला वाटलं, तिची आठवण म्हणून तुम्ही चालवता. मी समजून राह्यले, सुरेखा शनिवारी शिवायला बसती अन् तुम्हाला झाडती."

"मला?" त्रिंबक म्हणाला.

"मंग कोणाला? माझी रांधायची जागा अन् तुमचं ते दार, मधी एवढीशी भिंत. अक्षर अन् अक्षर ऐकू यायचं." आणि वच्छलाबाईंनी हात पुढं करून, सुरेखा ओढायची तसाच शेवट ओढून म्हटलं, "'लोकाच्या घरात शिरायला बराबर जमतंय. सोताच्या घरात पाय टिकत न्हाई!'" त्रिंबकनं आपल्या खुर्चीचा हात धरला. त्या थांबल्या नाहीत. "'घर भरलं भंगारानं, तरी अजून आण.' पाठ झालंय मला. आमचे हे म्हणायचे, त्रिंबकराव लई गरीब माणूस, आठ दिवसांनी घरी येतो अन् बायको अरे-तुरे करती, तरी उलटून शब्द न्हाई. तुम्ही तं वरून हसायचे! अन् पोरगी बी! मी म्हणायचे, काय घर हाय." "ती उंटाला बोलायची वच्छलाबाई. पडद्यावर उंट होता. चित्रातला." "उंट?" त्यांनी ओसरीवरच्या डब्यांकडं बघितलं, मग त्याच्याकडं. आधी हसू फुटलं, ते पदरात दाबलं, आणि पदर काढला तेव्हा चेहरा उतरला होता. "अन् मी याच्यापायी त्या बाईशी कधी धड बोलले न्हाई. दोनदा हळदी-कुंकवाला बोलवायला आल्ती, मी गेले न्हाई. मला वाटलं, जी बाई नवऱ्याला असं बोलती..."  भिंतीच्या त्या बाजूला एक बाई वीसेक वर्षं, चित्र न बघता, नुसता आवाज ऐकत बसली होती, हे त्रिंबकच्या हळूहळू ध्यानात येत होतं. आणि मग तो खुर्चीतच पुढं सरकला.

"वच्छलाबाई, शेवटी मशीन फट् फट् वाजायची बघा. तव्हा ती काही म्हणायची." "म्हणायची की. दर शनिवारी." "तुम्हाला ऐकू यायचं?" "न यायला काय झालं? भिंतीलाच डोकं लावून बसायची ती. त्याचाच तं मला जास्त राग यायचा. आधी एवढं झाडायचं, अन् मंग आवाज बारीक करून लाडात यायचं." "काय म्हणायची?" वच्छलाबाईंनी पदर सावरला, खांद्यावरून पुढं घेतला. "जाऊ द्या. मला न्हाई ते तुमच्यापुढं म्हणता यायचं." "म्हणा हो," त्रिंबक म्हणाला.  "मला मशीनच्या आवाजात कधी ऐकूच आलं न्हाई. पाया पडतो, म्हणा." त्या बाईनं त्याच्याकडं बघितलं, आणि काय समजायचं ते समजली असावी. तिनं तोंड भिंतीकडं केलं आणि सत्तर वर्षांच्या गळ्यातून बारीक, पोरसवदा आवाज काढला.

"'आरं येड्या, मी मागंच हाय. एकदा वळून तं बघ.'"

ओसरीवर ऊन सरकत डब्यांपर्यंत आलं होतं. पोतं ओढायला पाहिजे, राजानंदला फोन करायला पाहिजे, घेऊन जा म्हणावं, जेवढा निघेल तेवढा काढ. हे सगळं त्रिंबकला दिसत होतं आणि त्याला हलता येत नव्हतं. सोमवार, जीप, घनसावंगी, शनिवार, चहा, चादर. ताटातली गवार मोडल्याचा आवाज मशीनच्या आवाजात मागून यायचा. एवढी वर्षं. ती तिथंच होती.

"त्रिंबकराव," वच्छलाबाई भिंतीकडं बघतच म्हणाल्या, "ते बी उंटालाच म्हणायची का हो?"

तो खुर्चीतल्या खुर्चीत मागं वळला. स्वयंपाकघराच्या दारात कुणी नव्हतं. चौकटीशेजारी भिंतीवर, बसलेल्या माणसाचं डोकं टेकेल तेवढ्या उंचीला, केसांच्या तेलाचा तपकिरी डाग होता. तो या घरात रोज त्या दारातून जात-येत होता, आणि तो डाग त्यानं आज पहिल्यांदा बघितला.

"न्हाई," तो म्हणाला. "मला म्हणायची."